आदिवासीवाडीतलं सेवा शिबिर: ऑगस्ट ते मे, काय कधी करायचं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पन्नास मुलं, दोन टेम्पो सामान आणि चारशे रिकाम्या गोण्या घेऊन आम्ही रोहा तालुक्यातल्या एका कातकरवाडीत, म्हणजे कातकरी आदिवासींच्या वस्तीत, उतरलो. सात दिवस वनराई बंधारा, म्हणजे ओहोळावर माती भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, बांधायचा, संध्याकाळी वाडीतल्या लोकांकडून रानाची माहिती आणि गाणी शिकायची, असा बेत होता. एकतीस घरांपैकी बावीस घरांची दारं दोरीने बांधून ठेवलेली होती. माणसं वीटभट्टीवर गेली होती. मागे राहिली होती म्हातारी माणसं आणि त्यांच्यापाशी ठेवलेली चार-पाच पोरं. ओहोळात घोटाभरही पाणी नव्हतं. आम्ही रस्त्याकडेचं गवत काढलं आणि परत आलो.

त्याला बरीच वर्षं झाली. तरीही राष्ट्रीय सेवा योजनेचे नवे कार्यक्रम अधिकारी भेटतात, समाजसहभागाच्या क्रेडिटसाठी मुलांना गावात पाठवणारे प्राध्यापक भेटतात, आणि तेही हेच करायच्या तयारीत असतात. म्हणून हा क्रम लिहिते आहे. तो रायगडच्या किनारपट्टीवरचा आहे: अलिबाग, मुरूड, रोहा, म्हसळा, श्रीवर्धन. रत्नागिरी-सिंधुदुर्गात ओहोळाला पऱ्या किंवा व्हाळ म्हणतील, वाडी दुसऱ्या समाजाची असेल, तेवढे बदल तुम्ही करून घ्या.

वाडीकडून शिकणं आणि वाडीसाठी राबणं ही वेळापत्रकातली दोन वेगळी खाती करू नका. बंधारा कुठे टिकेल हे वाडीलाच माहीत असतं. आधी शिकलात तरच श्रमदान कामी येतं.

१. तारीख वाडीच्या वर्षावरून ठरवा

कॉलेजची शिबिरं डिसेंबर-जानेवारीत ठेवतात, कारण परीक्षा आटोपलेल्या असतात. कातकरी कुटुंबांचं वर्ष वेगळं चालतं. जुलैत लावणीची मजुरी, ऑक्टोबरात भातकापणीची. दिवाळी झाली की मुकादम दारात येतो. उचल पावसाळ्यातच घेऊन खर्च झालेली असते, त्यामुळे जाणं टळत नाही. वीटभट्टी किंवा कोळसाभट्टी धरली की शिमग्याला जमलं तर चार दिवस घरी, नाहीतर पाऊस तोंडावर आल्यावरच परत.

म्हणजे कापणी संपणं आणि भट्टीला निघणं यांच्या मधे जे थोडे दिवस मिळतात, तेच तुमचे. बहुतेक वर्षी ते दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येतात. ओहोळाच्या दृष्टीनेही तेच दिवस बरे: धार बारीक झालेली असते, पण जिवंत असते. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर कोसळलेलं पाणी डिसेंबरपर्यंत खाडीला मिळून गेलेलं असतं.

कामाचे चार भाग करा. ऑगस्टात एक दिवस, ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक दिवस, दिवाळीच्या सुट्टीत सात दिवसांचं शिबिर, आणि मे महिन्यात एक दिवस. सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, एकेका दिवसाच्या भेटी त्यात बसतात; सात दिवसांचं शिबिर त्याहून वेगळं धरतात.

*तपासा:* “यंदा कधी निघणार?” हा प्रश्न निदान तीन-चार घरी विचारा. प्रत्येक घराचा मुकादम वेगळा असू शकतो आणि निघायचा दिवसही. शिबिराची तारीख हलतच नसेल तर माणसं हिवाळ्यात घरी असतात अशी दुसरी वाडी शोधा.

२. परवानगी तीन ठिकाणी लागते

सरपंचांचं पत्र घेतलं की परवानगी झाली असं सगळे धरून चालतात. वाडी बहुधा ग्रुप ग्रामपंचायतीत असते, गावठाणापासून लांब, आणि पंचायतीत तिचा आवाज बारीक. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा फक्त अनुसूचित क्षेत्राला लागू होतो, आणि रायगड जिल्हा त्यात नाही. त्यामुळे त्या कायद्याने मिळणारी वाडीची स्वतंत्र ग्रामसभाही इथे नाही. वाडीला काय वाटतं ते कागदावर आपोआप येणार नाही, तुम्हालाच जाऊन विचारावं लागेल.

पहिली परवानगी वाडीची. रात्री जेवणं झाल्यावर जा, ते बसतात तिथेच बसा, आणि बायका आल्याशिवाय बोलणं सुरू करू नका. पाणी भरतात त्या. “आम्ही आलेलं चालेल का?” असं विचारा आणि उत्तरासाठी आठ दिवस द्या. पाहुण्यांना तोंडावर नाही म्हणायची रीत नसते. आठ दिवसांनी निरोप आला नाही तर तो नकार समजा.

दुसरी ग्रामपंचायतीची. ती सहज मिळते.

तिसरी जमिनीच्या मालकाची, आणि इथेच सगळे फसतात. पुष्कळ कातकरवाड्या खाजगी मालकीच्या जमिनीवर वसलेल्या आहेत. घराखालची जागा पिढ्यान् पिढ्या वापरात असली तरी सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं. अशा ठिकाणी तुम्ही बंधारा घातलात की मालकाला वाटतं, वाडी जागेवर हक्क सांगायला लागली. तुम्ही सातव्या दिवशी निघून जाता, पुढची बोलणी वाडी खाते. ओहोळाच्या दोन्ही काठांचे सातबारे काढा आणि मालकांची लेखी संमती घ्या. जमीन वनखात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं पत्र घ्या. फणसाड अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वन्यजीव विभागाकडे अर्ज करा आणि उत्तराला महिनाभर धरून चाला.

*सावधान:* ओहोळाच्या खालच्या अंगाला कोणाची शेती आहे तेही पाहा. भात निघाल्यावर तिथे वाल पेरतात, कोणी भाजीपाला करतात. त्यांना न सांगता पाणी अडवलं तर बंधारा एका रात्रीत फुटतो, आणि फोडणाऱ्याचं सगळंच चूक असतं असं नाही.

३. ऑगस्ट: रिकाम्या हाताने जा

लावणीची मजुरी संपल्यावर दहा-बारा मुलांना घेऊन एक दिवस जा. बॅनर नको, खाऊवाटप नको, जुने कपडे तर अजिबात नकोत. पहिल्याच भेटीत वाटप केलंत की पुढच्या सगळ्या भेटींत वाडी घेणारी आणि तुम्ही देणारे, असंच नातं उरतं. मग कोण कोणाला शिकवणार?

या दिवशी वाडी शिकवते. रानात करटोली, कुर्डू, भारंगी असते. कोणतं पान खुडायचं, कोणतं ठेवायचं, वेलाला पुढच्या वर्षासाठी किती सोडायचं, हे चालता चालता कळतं. शेवळं पहिल्या पावसातली, ती तोवर संपलेली असतात, पण ती कशी करतात ते जरूर विचारा. नुसती शिजवली तर घशाला खाजतात, म्हणून काकडाची फळं किंवा दुसरं काही आंबट घालतात. किती घालायचं हे प्रत्येक घरचं वेगळं. माझ्या मुलांना वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात खाज का सुटते ते सापडलं होतं. ती घालवायची कशी, हे त्यांनी चुलीपाशी बसून पाहिलं.

नियम दोनच. वाडीतलं माणूस सोबत नसताना एक पानही खुडायचं नाही, कारण खाण्याच्या भाजीसारखी दिसणारी विषारी पानं असतात. आणि एकानेच लिहायचं, बाकीच्यांनी टोपली धरायची. दहा वह्या उघडल्या की बोलणारी बाई गप्प होते. झाडाचं नाव वाडीत म्हणतात तसंच लिहा, पुस्तकातलं नाव नंतर शोधा.

निघण्यापूर्वी विचारा: “आम्ही काही करावं असं आहे का?” बंधाऱ्याचं नाव तुम्ही काढू नका. पाण्याची अडचण असेल तर ती येईलच. मला बहुतेक ठिकाणी पहिलं उत्तर कागदांचं मिळालं: जातीचा दाखला, आधारमधली नावाची चूक, लग्न झालेल्या मुलाचं वेगळं रेशनकार्ड. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे तीन समाज विशेष दुर्बल आदिवासी गटांत मोडतात. त्यांच्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून घरं मिळू शकतात, पण कागदांवाचून अडतं. म्हणून शिबिरातली सात-आठ मुलं फक्त कागदांसाठी ठेवा. त्यांनी घरोघरी बसून अर्ज भरायचे, तहसील कार्यालयात आणि गरज पडली तर पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयात माणसांबरोबर जायचं. या मुलांच्या हाताला चिखल लागत नाही म्हणून त्यांचं काम कमी मोजू नका.

४. मुलांची तयारी: शिबिराआधी दोन तास

वागण्याबद्दल थोडं सांगा, पण स्पष्ट सांगा. इंग्रजांच्या काळात कातकऱ्यांवर गुन्हेगार जमात म्हणून शिक्का बसला होता. त्याची सावली अजून गेलेली नाही. गावात चोरी झाली की पहिला संशय वाडीवर येतो. अनोळखी तरुण वही घेऊन “घरात किती माणसं, कामाला कुठे जाता” असं विचारत फिरायला लागले की लोकांना चौकशीच आठवते. “तुम्ही उंदीर खाता का?” हा प्रश्न तोंडातून निघता कामा नये. वाडीत कोणी जेवायला बोलावलं तर जे ताटात येईल ते आदराने खायचं, नसेल चालत तर हात जोडून नाही म्हणायचं. वयाने मोठ्यांना दादा, मावशी, आजी, आजोबा. अरे-तुरे नाही.

आता जिवाचं. कोकणात फुरसं हा विषारी साप आणि विंचू दोन्ही भरपूर. जांभ्याचा दगड कधीही हाताने उचलायचा नाही, आधी पहारीने कलता करायचा. रात्री विजेरी आणि बूट. तांबड्या विंचवाचा दंश लहान मुलांच्या जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे त्यावर प्रॅझोसिन हे औषध मिळालं, पण त्याचा उपयोग माणूस डॉक्टरांकडे वेळेत पोहोचलं तरच. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाची लस आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे स्वतः जाऊन विचारा. शिबिरात एक गाडी चोवीस तास उभी हवी.

*सावधान:* पायाला जखम असलेल्या मुलाला ओहोळात उतरवू नका. चिखलपाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार) होतो. शिबिरानंतर पंधरा-वीस दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना “मी चिखलात काम केलं होतं” हे आधी सांगायचं, हे प्रत्येकाच्या पालकांनाही कळवा.

५. ऑक्टोबरची सुरुवात: जागा

वाडीतल्या दोन जुन्या माणसांबरोबर आणि पाणी भरणाऱ्या एका बाईबरोबर ओहोळ वरपासून खालपर्यंत चाला. त्यांना तीन प्रश्न विचारा. मार्चमध्ये शेवटचं पाणी कुठे राहतं? पुराचं पाणी कोणता काठ खातं? प्यायचं पाणी कुठून घेता?

तिसरा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. जागा सुरेख होती. अरुंद पात्र, दोन्ही काठ घट्ट, तळाला कातळ. बंधारा चार दिवसांत झाला, पाणी पाठीमागे पसरलं आणि त्यात वाडीचा डवरा बुडाला. डवरा म्हणजे पात्राच्या कडेला उकरलेला झरा, वाळूतून गाळून आलेलं प्यायचं पाणी. तो आता गढूळ साठ्याखाली होता. एक आजी काठावर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” आम्ही मधल्या गोण्या काढून पातळी खाली आणली. तेव्हापासून डवरा कुठे आहे हे कळल्याशिवाय मी टेप बाहेर काढत नाही.

बाकीच्या खुणा अशा: पात्र सरळ असावं, वळणावर नको. रुंदी पाच ते दहा मीटर. काठ पाण्याच्या पातळीपेक्षा मीटर-दीड मीटर उंच. तळाला कातळ किंवा कडक मुरूम. वरच्या अंगाला उतार कमी, म्हणजे साठा लांब जातो. मासे-चिंबोऱ्या धरायचा डोह असेल तर तो बुडवायचा का, हे वाडीने ठरवायचं.

६. गोण्यांचा हिशेब

समजा पात्र आठ मीटर रुंद आहे आणि बंधारा एक मीटर उंच. सव्वा मीटरच्या वर कधी जाऊ नका. तळाची जाडी दीड मीटर, माथ्याची साठ सेंटिमीटर धरली तर सरासरी एक मीटर पाच सेंटिमीटर. म्हणजे साधारण ८.४ घनमीटर. सिमेंटची रिकामी गोणी पाऊण भरली की ०.०२६ घनमीटरच्या आसपास बसते. गोण्या झाल्या सव्वातीनशे. फाटक्या निघतात, म्हणून चारशे जमवा.

गोण्या ओहोळापासून लांब झटका, तोंडाला रुमाल बांधून. सिमेंटची भुकटी पाण्यात गेली तर माशांना बाधते. सुतळी, दाभण, फावडी, घमेली, पहारी, दोन टिकाव. पाऊण भरलेली गोणी चाळीस किलोच्या घरात जाते, ती दोघांनीच उचलायची. मुलांची साखळी करून हातोहात देणं फोटोत छान दिसतं, पण त्यात कंबर धरते. गोण्या जागेवरच भरा.

*तपासा:* भरायची माती कुठून घेणार? बंधाऱ्याच्या वरच्या अंगाचा पात्रातला गाळ आणि मुरूम काढा, साठाही वाढतो. काठ उकरू नका, आणि कोणाच्या दळीतली माती तर नाहीच नाही. डोंगरउतारावरच्या त्या तुकड्यावर एखाद्या घराची वर्षाची नाचणी-वरी येते.

७. बांधणी

१. पात्र साफ करा. पालापाचोळा, सैल वाळू, शेवाळलेले धोंडे काढून कडक तळ लागेपर्यंत खाली जा. बंधारे गळतात ते बहुतेक खालून, आणि त्याचं कारण या पहिल्या पायरीतली घाई.

२. दोन्ही काठांत अर्धा-अर्धा मीटर खाच घ्या. बंधाऱ्याची टोकं काठात शिरली पाहिजेत. नुसती टेकवली तर पाणी कडेने वाट काढतं.

३. गोणी पाऊणच भरा आणि तोंड शिवा. गच्च भरलेली गोणी गोल राहते, तिच्या शेजारी फट पडते. पाऊण भरलेली पायाने दाबली की सपाट बसते.

४. दोन्ही काठांकडून मध्याकडे या. मधे मीटरभर वाट पाण्याला मोकळी ठेवा. सुरुवातीलाच पूर्ण पात्र अडवलंत तर वाढत्या पाण्यात काम करावं लागतं आणि चिकणमाती वाहून जाते.

५. शिवलेली तोंडं आतल्या बाजूला. खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर वरची गोणी, विटांसारखी. प्रत्येक थर तुडवा. पुढची आणि मागची अशा दोन रांगा उभ्या राहत जातात, मधल्या पोकळीत चिकणमातीचे गोळे ओले करून ठासा.

६. मधली वाट शेवटच्या दिवशी सकाळी, सगळे हात लावून, एका दमात बंद करा.

७. माथ्यावर मधे एक गोणी कमी ठेवा, म्हणजे जादा पाणी तिथूनच जाईल. ते पडतं तिथे खाली मोठे दगड रचा, नाहीतर पायाखालची माती उकरते.

*तपासा:* वाट बंद केल्यावर दोन तास थांबा. खालच्या अंगाला थोडं पाझरणं चालतं. एकाच जागी धार लागली तर तिथे वरच्या बाजूने चिकणमाती दाबा. पाणी गढूळ येत असेल तर माती वाहते आहे, तो भाग उकलून पुन्हा रचा.

८. दुपारनंतर

बंधाऱ्याचं काम सकाळी साडेसात ते साडेबारा. त्यापुढे मुलं थकलेली असतात, आणि वाडी रानातून, मजुरीवरून परत येत असते. जेवणानंतरचे दोन तास आणि संध्याकाळ शिकण्यासाठी.

शिकवणाऱ्याला मानधन द्या. त्या भागात त्या आठवड्यात जी रोजंदारी चालू असेल तेवढं तरी, आणि शिबिराच्या खर्चात ते आधीच मांडा. जाळं विणायला, करांदे खणायला, कडू कंद काप करून वाहत्या पाण्यात ठेवून खाण्याजोगा करायला जे माणूस शिकवतं, त्याने त्या दुपारची मजुरी सोडलेली असते. व्याख्यात्याला पाकीट आणि मावशींना नारळ, हे मला पटत नाही.

आपल्याकडून काय द्यायचं, हेही त्यांनाच विचारा. एका वाडीतल्या बायकांनी मागितलं ते मी तेव्हापासून प्रत्येक शिबिरात ठेवते: भट्टीच्या हिशेबाची वही. उचल किती घेतली, हजार विटांचा दर काय ठरला, कोणत्या आठवड्यात किती विटा पाडल्या, खर्ची किती मिळाली. चार रकाने, मोठी अक्षरं, आश्रमशाळेत शिकणाऱ्या पोराला भरता येईल अशी वही. मुलांनी एकेका घराबरोबर बसून पहिलं पान भरायचं. ती वही घेऊन वाडी पंधरा दिवसांत भट्टीवर जाते, म्हणून हे शिबिराच्या पहिल्या तीन दिवसांतच करा.

*सावधान:* औषधी झाडांची माहिती मिळाली की मुलं त्याच रात्री इंटरनेटवर टाकतात. ते थांबवा. ही माहिती वाडीची आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिथे द्यायची की नाही, कोणाच्या नावाने द्यायची, हे वाडी ठरवेल. तुमच्या अहवालात झाडाचं नाव आणि उपयोग एकत्र लिहायचा असेल तर आधी वाचून दाखवा.

९. शेवटची रात्र

वाडीतल्या बायकांना नटवून पाहुण्यांसमोर नाचवू नका. गाणी त्यांना वाटली तर होतील, आणि तेव्हा मुलांनीही त्यात उतरायचं. फोटो विचारून, आणि छापून परत नेऊन द्यायचे. भाषणं काढून टाका. त्याऐवजी मुलांनी काय शिकलं ते वाडीसमोर सांगावं आणि चुकलं तिथे वाडीने दुरुस्त करावं. एका मुलाने करांद्याचा वेल ओळखायची खूण उलटी सांगितली, तेव्हा अर्धी वाडी एकदम बोलायला लागली. त्याआधीच्या सहा दिवसांत इतकं मोकळं बोलणं मी ऐकलं नव्हतं.

१०. मे: गोण्या परत काढा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. वनराई बंधारा एका हंगामाचा असतो. पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो, उन्हाने जीर्ण झालेल्या गोण्यांचे धागे ओहोळातून खाडीत जातात आणि कोळ्यांच्या जाळ्यात येतात. वीस मेच्या आत पंधरा मुलं घेऊन जा, गोण्या फोडून माती काठाला पसरा, रिकाम्या गोण्या मोजून परत आणा. तोवर काही घरं भट्टीवरून आलेली असतात. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरलं ते त्यांना आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून ठेवा. हिशेबाच्या वह्या कोणी भरल्या असतील आणि दाखवल्या तर पाहा, मागू नका.

घातलेल्या गोण्यांचा आकडा शिबिराच्या वहीत असायलाच हवा. मागच्या वेळी आम्ही ३४६ घातल्या होत्या, मे महिन्यात ३३९ हाती लागल्या. उरलेल्या सात शोधायला दोन मुली आणि वाडीतले एक आजोबा ओहोळाच्या पात्रातून खाडीपर्यंत चालत गेले. पाच मिळाल्या.